अजून रांग आहे

पटणार नसेल तर इथेच थांबा, मला वाद घालायचा नाही. यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. तो मंगळवार होता, दुपारचा एक वाजला होता आणि डबा घेऊन तिथे मीच गेले होते.

माझे बाबा सुतार. बोलणं कमी. समोरचा काही सांगू लागला की हातातलं काम न थांबवता फक्त "हं?" म्हणायचे. शेवटी जरा वर चढणारा, "मग पुढे?" असं विचारणारा हं.

आई चिडायची. "उद्या भिंत बोलली तरी हे हं म्हणतील!"

पण मला तो हं हवा असायचा. परीक्षेत नापास झाले, ते पहिलं बाबांनाच सांगितलं. रंधा चालू आणि मधे मधे हं. सांगून झालं की जीव हलका व्हायचा.

त्या आठवड्यात त्यांना जुन्या चर्चमध्ये काम मिळालं होतं. परक्या राजवटीत बांधलेलं, दीडशे वर्षं उलटून गेलेलं चर्च. दुरुस्त करायची होती ती कन्फेशनची लाकडी खोली. कपाटापेक्षा थोडी मोठी. आत फादर बसतात, बाहेर माणूस गुडघे टेकतो आणि जाळीतून आपली चूक सांगतो; ऐकून फादर देवाच्या नावानं माफी देतात.

पहिल्याच दिवशी बाबा घरी येऊन म्हणाले, "त्या खोलीचं दार कधीतरी कुणीतरी बाहेरून फोडलंय. कुऱ्हाडीनं. वरून पट्टी मारून झाकलंय."

आम्ही हसण्यावारी नेलं.

मंगळवारी मी गेले तेव्हा चर्च रिकामं होतं. फरशीवर भुसा, हत्यारं. आणि त्या खोलीतून...

"हं?"

थोड्या वेळाने पुन्हा...

"हं?"

वाटलं, फोनवर असतील. पण फोन बाकावर पडला होता.

मी जवळ गेले. गुडघे टेकायची उशी दबलेली होती. दोन खड्डे.

माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली...

आणि परत दबली.

"बाबा... जेवायला चला ना."

आतून दबक्या आवाजात उत्तर आलं. "थांब. अजून रांग आहे."

मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

पण बाकांमधल्या वाटेवर कुणीतरी खोकलं. त्याच्या मागे आणखी कुणीतरी... असं अगदी बाहेरच्या दारापर्यंत.

मी खोलीचं दार ओढलं. सकाळीच नव्या बिजागऱ्या बसवलेल्या, तरी हलेना. माझं ओरडणं ऐकून चर्चची देखभाल करणारे काका धावत आले. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा कुठे उघडलं.

बाबा जाळीला कान लावून बसले होते. घामानं चिंब. पटाशी मुठीत तशीच.

"मी सुतार आहे," ते म्हणाले, "एवढं त्यांना सांगायचं राहून गेलं."

मग काकांनी सांगितलं. फार पूर्वी, साथीच्या वर्षी इथला गोरा फादर या खोलीत बसला. मरायला टेकलेली माणसं रांगेनं येऊन कबुली देत राहिली. प्रत्येकाला आतून हं ऐकू आला. तिसऱ्या दिवशी वास सुटला म्हणून दार फोडलं. डॉक्टर म्हणाला, हा तर पहिल्याच दुपारी गेलाय.

"मग त्या लोकांना माफी मिळाली की नाही?" मी विचारलं.

"तेच विचारायला येत असतील, पोरी."

बाबांनी ते काम सोडलं. हं म्हणणंही सोडलं. मी काही सांगायला लागले की हात वर करून थांबवायचे. "एकदा हं म्हटलं की शेवटपर्यंत ऐकावं लागतं."

नऊ वर्षं असंच चाललं. घर मुकं झालं. मधे माझं लग्न मोडलं. चूक माझी होती. ती बाबांना सांगायची राहिली आणि मागच्या वर्षी ते गेले.

आई आता भावाकडे असते. मी एकटीच. गेल्या गुरुवारी कामावरून आले आणि बाबांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसून बोलायला लागले. रिकाम्या खुर्चीशी! वेडेपणाच.

"हं..."

मी रडले. आनंदानं रडले. सगळं सांगून टाकलं, काही म्हणून लपवलं नाही.

अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं...

बाबांचा हं वर चढायचा. हा खाली गेला होता. थकलेला.

सकाळी उठून त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारणीकडे दिली. तीन दिवस टिकले. काल संध्याकाळी जाऊन परत मागून आणली. माफी मिळाली की नाही, एवढंच विचारायचं होतं.

कुलूप काढलं. दाराला हात लावला, तोच आतून कुजबुज ऐकू आली. कुणीतरी काहीतरी सांगत होतं... आणि मधे मधे तो हं.

पळायला हवं होतं. कळतं मला.

मी चपला काढल्या आणि दाराबाहेर उभी राहिले.

माझ्या मागे कुणीतरी खोकलं...

मी वळून पाहिलं नाही. माझा नंबर जवळ आला होता.