दोन फेऱ्यांनंतरचा आवाज

अहवालाचा शेवट एका वाक्यात आहे: "अचानक उद्भवलेल्या यांत्रिक बिघाडामुळे अपघात, कोणाचाही दोष आढळत नाही."

अहवाल खरा आहे, त्यावर सही-शिक्का आहे. पुढे सांगतो आहे तेही खरं आहे. त्यावर शिक्का नाही, एवढंच.

"अचानक" हा मोठा सोयीचा शब्द. चढावर ट्रकला मागे टाकताना गाडीचं टर्बो इंजिन बंद पडलं ते अचानक, मान्य. पण टायमिंग बेल्ट ताणून धरणारा बोल्ट तीन आठवडे केसाकेसाने ढिला होत होता; बेल्ट सुटला की इंजिन जागीच बंद. तपासणाऱ्या विद्वानांनी तो पिशवीत भरला, पिशवीवर क्रमांक घातला आणि विचारलं काहीच नाही. घरच्या गॅरेजमध्ये बेल्ट बदलणाऱ्या भावाने लिहून दिलं होतं, "काम पद्धतीनुसार पूर्ण केलं." तेवढं पुरलं.

गाडी चालवत होती त्याची धाकटी बहीण. घरात तो दादा, ती चिमणी.

आईला इंजिनातलं काही कळत नसे. पण भिंतीपलीकडचे आवाज तिला पाठ होते. बेल्ट चढवला की इंजिन पान्याने, हाताने, पूर्ण दोन फेरे फिरवायचं... कट-कट-कट... बेल्टच्या आणि इंजिनावरच्या खुणा जुळल्या की बोल्ट आवळायचा. नेमका ताण आला की मोठा पाना "टक्" वाजायचा. टॉर्च धरणं आणि फेरे मोजणं हे चिमणीचं काम.

"मेकॅनिकसाहेब, दीडच झाला! कामचुकार कुठला!"

"गप गं, उजेड नीट धर."

ते टक् ऐकू आलं की आई चहाचं आधण ठेवायची.

चिमणीला जाऊन दीड महिना झाला होता. गुरुवार, दुपारचे चार, लख्ख ऊन.

भिंतीपलीकडे... कट-कट-कट.

आईला बरं वाटलं. पोराने पुन्हा हत्यारांना हात लावला, म्हणजे सावरतोय.

एक फेरा.

दुसरा.

मग... काहीच नाही.

ती भांडं हातात धरून उभी राहिली. टक् येईना. पुन्हा पहिल्यापासून कट-कट. पुन्हा दोन फेरे. पुन्हा तीच शांतता.

"अरे दादा, आवळ की आता तो बोल्ट!"

"काय म्हणालीस, आई?"

आवाज मागून आला. दादा दारात उभा होता. अंगावर ऑफिसचे कपडे, खांद्याला बॅग.

कट-कट-कट...

त्यालाही ऐकू येत होतं. चेहऱ्यावरून कळत होतं.

आईने शटर वर केलं. गॅरेज रिकामं. गाडी केव्हाच भंगारात गेलेली. जमिनीवर तेलाचा डाग, खिळ्याला धूळ खात लटकलेला मोठा पाना. आणि फळीवर चिमणीचा टॉर्च... पेटलेला. जिथे इंजिन असायचं, त्या रिकाम्या जागेवर रोखलेला.

ते आवाज आजही येतात. का, ते कोणाला सांगता आलेलं नाही.

"दादा," आई हळूच म्हणाली, "तू बेल्ट बदललास त्या दिवशी मी चहा कधी ठेवला रे? मला आठवतच नाही."

तो तेलाच्या डागावर बसला. चौकशीत कोणी न मागितलेलं उत्तर त्याने आईला दिलं, ते जसंच्या तसं:

"ठेवलाच नाहीस, आई. मी तिच्यावर चिडलो होतो. म्हटलं, तुझ्या मोजण्यावाचून माझं काही अडत नाही, जा इथून. ती गेली. मग मी फेरे दिलेच नाहीत. बोल्ट नुसता टेकवला होता, तो तसाच राहिला. गाडी चालू झाली, वाटलं, झालं काम. 'काम पूर्ण केलं' म्हणून सही करताना मात्र मला सगळं आठवत होतं."