रिकामा ताबा

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत त्या दुपारी एका टेम्पोतून एक दार चाललं होतं. सागवानी, नुकतं पॉलिश केलेलं. टेम्पो रघू सुताराचा, दार प्रमोदिनीबाईंचं. दिघीचं त्यांचं घर उद्या विकलं जाणार होतं, आणि गिऱ्हाइकाची अट एकच होती, ताबा रिकामा हवा. सौदा मोडला तर बँक बाईंचं अलिबागचं राहतं घर घेणार होती. किनाऱ्यावर घरं घेऊन भाड्याने लावायच्या नादात त्यांनी तेही गहाण टाकलं होतं.

दार मुळात बाईंनीच काढून नेलं होतं. भाडेकरू राहुल, बंदरातल्या नोकरीवरचा पोरगा, अकरा महिन्यांचा करार संपला तरी हलेना. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणून बाईंची आपली एक रीत होती. वाळवी लागलीय, दुरुस्तीला नेते, असं सांगून दारच उचलायचं. बिनदाराच्या घरात माणूस झोपेल किती दिवस? रोह्याला ही युक्ती चालली होती, मुरूडला चालली होती. राहुलने मात्र चौकटीला चादर लावली आणि राहिला. वर शेजारच्या कोकिळाचा फोन आला, तुमच्या घरात माणसं फार झालीत म्हणून. एकट्याला दिलेल्या घरात पोटभाडेकरू भरतोस काय, असं म्हणत बाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं.

"मी एकटाच आहे हो काकू," तो फोनवर म्हणाला होता. मग जरा थांबून, "म्हणजे... मी कोणाला ठेवलं नाही. दार नेलंत तेव्हापासून येतात."

आणि काल तो आपणहून घर सोडून गेला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून बाईंनी खूश व्हायला हवं होतं. पण सकाळपासून त्यांचं कशात लक्ष लागत नव्हतं. बोटीतही त्या चार वेळा उठल्या आणि चार वेळा बसल्या.

घरापाशी पोचल्या तेव्हा चौकटीला चादर तशीच होती. वारा पडलेला, तरी ती हळूच आत ओढली जायची आणि सुटायची. बाईंनी ती खसकन काढली. आत तीन खोल्या, तिन्ही मोकळ्या. कपाटं उघडली, मोरी पाहिली, माळ्यावर बॅटरी मारली. कोणी नव्हतं. खाडीच्या चिखलाचा वास मात्र घरभर होता. फरशीवर ओली पावलं उमटली होती, उंबऱ्यापासून थेट मागच्या खोलीपर्यंत. बाहेर येणारं पाऊल एकही नव्हतं.

"नळ गळत असेल," बाई रघूला म्हणाल्या. त्याने काही विचारलं नव्हतं. त्यांनी वाकून त्याच चादरीने फरशी पुसून काढली.

रघू बिजागऱ्या ठोकायला लागला. कुंपणापलीकडे कोकिळा वाल सोलत बसली होती.

"बाई, दार काढलंत तवा उंबऱ्यावर मुसळ आडवं घातलं व्हतं का?"

"कशाला?"

"आमच्यात घालतात. दार असलं का येनारा भायेर थांबतो, येऊ का म्हनून इचारतो. दारच न्हाय तर कोन कोनाला इचारनार?"

"राहुलकडे कोण यायचं गं?"

कोकिळाने सूप उचललं. "खाडीकडनं येत. तिन्हीसांजेला." एवढं बोलून ती आत गेली आणि तिने आपलं दार लावून घेतलं.

बाईंना मुसळाची रीत ठाऊक नव्हती असं नाही. माहेरी रंगकामाला दार काढलं की आडवं घालत. पण भाडेकरूला घाबरवायला दार काढणारा मुसळ कशाला शोधेल? त्या ओसरीवर येरझाऱ्या घालू लागल्या. रघूचा हातोडा थांबला की मागच्या खोलीत काहीतरी सरकायचं. दाटीवाटीत कोणीतरी कोणाला जागा करून द्यावी, तसं. बाई दोनदा जाऊन बघून आल्या. खोली मोकळीच होती. वास वाढला होता.

दिवस कलला. दार बसलं. उघडून-मिटून बघून रघू हत्यारं टेम्पोत टाकायला गेला. बाईंनी बाहेर येऊन दार ओढलं आणि कुलूप हातात घेतलं.

आतून कडी लागली. सावकाश, आवाज होऊ नये अशा बेताने.

बाईंनी दार ढकलून पाहिलं. हललं नाही. त्यांनी खांदा लावून पुन्हा ढकललं. तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, वरद.

"मॅडम, उद्या रिकामा ताबा मिळेल ना? नाहीतर आत्ताच सांगा."

बाईंना अलिबागचं घर दिसलं. "हो... रिकामंच आहे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी आत कोणी असणार नाही."

फोन ठेवला, आणि आत कोणीतरी रडायला लागलं. तोंडात पदर कोंबून रडतात तसं. घर सोडायला लावलेल्या माणसांचं रडणं बाईंनी दाराआडून आजवर बरंच ऐकलं होतं. ते त्यांना लगेच ओळखू आलं. पण हे एकाचं नव्हतं. एकामागून एक आवाज त्यात मिसळत गेले, मागच्या खोलीतून, मोरीतून, माळ्यावरून, बायकांचे, पुरुषांचे, एक अगदी तान्हं.

मग दाराला अगदी लागून कोणी म्हातारं माणूस दबक्या आवाजात म्हणालं,

"गप ऱ्हावा... मालकीन अजून भायेरच उभी हाय."