चौकड्यांचा शर्ट

जळगावच्या बसस्टँडवर त्या शनिवारी एका माणसाची धुळ्याची गाडी चुकली, आणि ती आमच्या रूपामुळे चुकली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा दाखवायला रूपा मला घेऊन आली होती. सावद्याच्या गाडीला वेळ होता. मी काळा चष्मा लावून बाकावर बसले होते. शेजारी रूपा मांडीवर वही घेऊन पेन्सिल चालवत होती. समोर चौकड्यांचा शर्ट घातलेला एक माणूस पेपर वाचत होता, चाळिशीच्या आसपासचा. पान काही उलटत नव्हता. काळ्या चष्म्याचं एक बरं असतं, आपण कुठं बघतो ते कुणाला कळत नाही. मी निवांत बघत होते. धुळ्याची गाडी लागली, माणसं धावली. त्यानं पायाशी ठेवलेली बॅग उचलली... आणि पुन्हा खाली ठेवली. गाडी निघून गेली.

मग तो उठून आमच्यापुढे आला.

"झालं का?"

रूपानं दचकून वही छातीशी धरली. "काय?"

"चित्र. तुम्ही मान खाली घातली की उठू, असं ठरवलं होतं. पण तुम्ही लगेच वर बघायच्या. म्हटलं, आता हललो तर बिचारीचं अर्धं राहील."

"अहो, पण तुमची गाडी—"

"दुसरी येईल. मला आजवर कुणी काढलं नव्हतं. शाळेत वर्गाबाहेर काढायचे, तेवढंच."

रूपा हसली. परक्या माणसासमोर तिला हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहत होते.

"दाखवा तरी," तो म्हणाला.

तिनं वही हळूच वळवली. तो बराच वेळ बघत राहिला. कॉलरचं दुमडलेलं टोक, खिशातलं पेन, सगळं जिथल्या तिथं होतं.

"शर्ट माझाच आहे," तो म्हणाला. "पण हा मी नाही. हे कोण?"

रूपाचं हसू विरलं. मी चष्मा काढून वाकून पाहिलं. त्या शर्टात माझा कुंदन बसला होता.

कुंदन माझा मुलगा, रूपाचा नवरा. कामिनी पहिलीत असताना तो तापानं गेला, आणि आता कामिनी आठवीत आहे. रूपा सावद्यात केळीच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात काम करते. मालाच्या पावत्या, गाड्यांचे फोन, मजुरांची भांडणं, सगळं तिच्याच टेबलावर येतं. चित्राचा नाद लागला तो कामिनीमुळे. विज्ञानाच्या वहीत हृदयाची आकृती काढून द्यायची होती, ती काढता काढता हिचा हात थांबेना. मग ट्रक भरेपर्यंत खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढ, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत स्टीलचा तांब्या काढ, असं चालू झालं. आधी तांब्याचं तोंड नेहमी एका बाजूला कलायचं. मी म्हणायची, "यातलं पाणी सांडीन वं."

"तुमचा मुलगा?" त्या माणसानं मला हळू विचारलं.

"हो. गेला तो."

तो शेजारच्या टपरीवरून तीन चहा घेऊन आला. मी वहीतला तो कागद रूपाकडून मागून घेतला आणि घडी न घालता पिशवीत ठेवला. आमची गाडी लागली तेव्हा तो रूपाला म्हणाला, "रविवारी इथं जळगावात आमचा चित्रांचा वर्ग असतो. सगळे नोकरीवाले, पोराबाळांचे. मी तिथला सगळ्यात वाईट विद्यार्थी आहे. तुम्ही आलात तर माझा नंबर तरी वर सरकेल."

हितेंद्र त्याचं नाव. बँकेत नोकरी, जळगावात भाड्याची खोली, आईवडील धुळ्याला. धाकट्या बहिणींची लग्नं करता करता याचं राहून गेलेलं.

रूपा वर्गाला जायला लागली. रविवारी उजाडायच्या आत धुणं, दोन्ही वेळचा स्वयंपाक, कामिनीचा अभ्यास उरकायचा, आणि सकाळची गाडी पकडायची. एखाद्या रविवारी माल निघायचा, ऑफिसातून फोन यायचा, आणि नेसलेली साडी बदलून ती मुकाट्यानं कामावर जायची. त्या दिवशी भांडी जरा जास्त वाजायची.

पण हात सुधारत होता. तांब्या सरळ उभा राहिला. झोपेतले माझे हात तिनं काढले, तर त्यातल्या शिरा मला ओळखू आल्या. अडायचं फक्त एका ठिकाणी. कुठल्याही पुरुषाचा चेहरा काढायला घेतला की नाकापाशी येऊन तो कुंदन व्हायचा. दूधवाला काढला, कुंदन झाला. बसचा कंडक्टर काढला, टोपीतला कुंदन झाला. वर्ग घेणाऱ्या सुनंदाबाई तिला म्हणायच्या, "रूपा, माहीत आहे ते काढू नकोस. समोर दिसतं ते काढ."

मला मात्र दर रविवारी संध्याकाळी वही उघडायची घाई असायची. माझा मुलगा कुठल्या ना कुठल्या कपड्यात घरी यायचा.

थंडी सुरू झाली तसे फोन वाढले. रूपा अंगणात जाऊन बोलायची, आणि मी आत वांगी भाजत बसायची.

"...नाही हो, आज फक्त कान काढले. चोवीस कान... तुमचा? तुमचा डावा बाहेर आलाय... हो, बघितलाय. कान बघायला परवानगी लागते का?"

मग हसणं. मग बराच वेळ काहीच नाही. त्या काहीच नाहीची मला जास्त भीती वाटायची.

एकदा तो घरीही आला, वर्गातले कागद द्यायच्या निमित्तानं. दारातूनच अहिराणीत म्हणाला, "कसा शेतस, आक्का? डोया बरा शे ना?"

"बरा आहे. आता सगळं दिसतं मले," मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला. डावा कान खरंच बाहेर आलेला होता.

आणि मग एका गुरुवारी, वरणासोबतच्या बट्ट्यांचं पीठ मळता मळता रूपा म्हणाली, "आई, त्यांची बदली झाली. शिंदखेड्याला."

"कोणाची?" कळलं होतं, तरी विचारलं.

"हितेंद्रची." तिचे हात पिठात थांबले. "त्यांनी विचारलं, लग्न करून याल का म्हणून. कामिनीला घेऊन. तुम्हालाही घेऊन."

"मग तू काय सांगितलं?"

"मला बोलताच आलं नाही. तर ते म्हणाले, जायच्या आधी एकदा मला काढा. चित्रात मी आलो, तर पुढचं बोलू. दुसरं कुणी आलं... तर मी समजून घेईन. पुन्हा कधी विचारणार नाही."

"अन् तुले काय पाहिजे?"

ती पिठाकडेच बघत होती. "मला पाहिजे ते माझ्या हातात नाही ना, आई. हात काढतो तेच निघतं."

रविवारी तो सकाळीच आला. अंगात तोच चौकड्यांचा शर्ट होता.

"दुसरा नाही का?" रूपानं विचारलं.

"शर्ट तुम्हाला येतो. म्हटलं, तेवढी तरी मेहनत वाचेल."

कामिनी मैत्रिणीकडे गेली होती. ओसरीवर उन्हात त्याला खुर्ची दिली. रूपा समोर पाटावर बसली, आणि मी तिच्या मागे शेंगा सोलायला घेऊन बसले. तिथून मला कागद दिसत होता. त्याला दिसत नव्हता.

"हलू नका."

"श्वास घेतला."

"थोडा कमी घ्या."

"तुम्ही अशा बघायला लागल्यावर कमीच होतो, मॅडम."

पेन्सिल क्षणभर थबकली. मानेपर्यंत रूपाला घाम आला होता, थंडीतसुद्धा. "बोलू नका. ओठ हलतात."

शर्ट झटपट झाला. मान झाली. कपाळाची रेघ आली. ते कपाळ मी किती वेळा तेल लावून चोळलं होतं. रूपानं पाहिलं, खोडलं, पुन्हा काढलं. पुन्हा तेच. खोडरबराचा चुरा तिनं फुंकरीनं उडवला.

"येतोय का मी?" त्यानं मान न हलवता विचारलं. आवाजात थट्टा होती, पण गुडघ्यावरचे हात घट्ट मिटले होते.

"थांबा," रूपा म्हणाली. "थांबा जरा..."

डोळे झाले. डोळे अजून कुणाचेच नव्हते. मग ती नाकापाशी आली. समोर बघायची, खाली रेघ मारायची, आणि एकेका रेघेसरशी कुंदन वर येत होता. सरळ, त्याच्या वडिलांसारखं नाक. कागद अंधुक दिसायला लागला, तेव्हा डोळ्यांत पाणी आल्याचं मला समजलं.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. चित्र पुरं झालं असतं. हितेंद्र उठून, पाणी पिऊन, शिंदखेड्याला गेला असता. रूपा माझ्याजवळ राहिली असती, कामिनी राहिली असती, आणि दर रविवारी माझा मुलगा घरी येत राहिला असता. शेंगा सोलायच्या तशाच राहिल्या होत्या.

रूपाची पाठ हलत होती. आवाज न करता ती रडत होती, आणि हात मात्र तेच नाक काढत चालला होता.

"रूपा," मी म्हटलं.

ती वळली नाही.

"कुंदनचं नाक सरळ व्हतं. याचं मधीच जरासं मोडलेलं आहे. पाह्य नीट."

हितेंद्रचा हात आपोआप नाकाकडे गेला. "लहानपणी विहिरीच्या काठावर आपटलो होतो," तो पुटपुटला.

"तू याच्याकडे पाह्य, बाई," मी म्हटलं. "कुंदन माझ्यापाशी आहे. तो कुठं जात नाही."

मागच्या बागेत केळीची पानं सळसळली. रूपानं पदरानं डोळे पुसले, कपाळ आणि नाक खोडलं, आणि मान वर केली. मग मात्र ती खाली बघेचना. इतका वेळ बघत राहिली, की त्या बिचाऱ्यानंच नजर खाली घातली.

"वर बघा," ती म्हणाली.

त्यानं बघितलं.

पुढचं मी पाहिलं नाही. आत जाऊन निखाऱ्यावरच्या बट्ट्या उलटवल्या. बाहेर आले तेव्हा वही त्याच्या हातात होती. नाक मधेच मोडलेलं, डावा कान बाहेर आलेला, भुवई एक वर, एक खाली.

"इतका वाईट दिसतो मी?" त्यानं विचारलं.

"समोर दिसतं तेच काढायचं असतं," रूपा म्हणाली. पेन्सिलीनं काळी झालेली बोटं ती पदराला पुसत राहिली. मग म्हणाली, "शिंदखेड्याला रविवारी चित्रांचा वर्ग असतो का?"

"नाही."

"मग मी कुठं शिकू?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "घरीच... मी बसेन समोर."

"तुम्ही फार हलता."

"राहीन गं स्थिर. आता कुठली गाडी पकडायची आहे मला?"

रूपानं मान खाली घातली, पण ओठांच्या कोपऱ्यात यायचं ते आलंच.

"आक्का, तुम्ही?" त्यानं मला विचारलं. "तुम्ही येशात ना?"

"आधी जेवा," मी म्हटलं. "बट्ट्या करपतीन."

जेवणं झाल्यावर मी कपाटातून बसस्टँडवरचा तो कागद काढला आणि नव्या चित्राशेजारी ठेवला. तेच दुमडलेलं टोक, तेच पेन, त्याच चौकड्या.

आता दोन्ही चित्रं शिंदखेड्याच्या घरात समोरच्या भिंतीवर आहेत. कुणी पाहुणं आलं की थबकतं, आणि विचारतं, "हे कोण?"

मी दोघांचीही नावं सांगते.