अर्धा राहिलेला धवला

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं. मी शपथा घालत बसणार नाही.

सुलूआत्याचे हात धरून मी चालायला शिकले. ते हात कसे होते, ते मला ठाऊक आहे.

ही गोष्ट रात्रीची नाही. अमावास्येचीही नाही.

सन १९६७. मार्गशीर्षातला एक रविवार. दिवस बुडायची वेळ. जागा म्हणाल तर बोईसरहून तारापूरकडे जाताना लागणारं पाम गाव.

आमचं घर मूळचं कराडकडचं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, तेव्हा माझे वडील, म्हणजे तात्या, एका ठेकेदाराची जीप चालवायला इकडे आले आणि पालघरला बिऱ्हाड केलं. सोबत माई, म्हणजे माझी आजी. आणि तात्यांच्या दोन बहिणी. मोठी सुलू, धाकटी विजया.

सुलूला विसाव्या वर्षी हळद लागली होती.

त्याच रात्री निरोप आला. नवरा मुलगा पटकीनं गेला.

अंगावरची हळद बायकांनी विहिरीवर नेऊन घासून काढली. लोकांच्या डोळ्यांतली काही निघाली नाही. त्या दिवसापासून कुणाच्या हळदीला तिला बोलावणं नाही. बोलावलंच, तर मागच्या खोलीत पोळ्या लाटायला.

आणि आता विजयाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

"सुलू," माई नजर चुकवत म्हणाली, "हळदीच्या वेळी तू आपली आतच बस हो. व्याही नवे आहेत. उगाच कुणी बोलायला नको."

 शनिवारी रात्री सुलूनं भावाला गाठलं.

"दादा, उद्या जीप मोकळी आहे ना? मला फिरवून आण."

"कुठं?"

"'लाटेवरची वरात' जिथं जिथं झाला, तिथं तिथं."

तात्यांनी कपाळावर हात मारला. हा सिनेमा पालघरच्या तंबूत आला, तेव्हा सुलू तिथून हलायचीच नाही. तंबूवालासुद्धा तिला ओळखायला लागला होता. गोष्ट साधी होती. एका मुलीची वरात समुद्रात बुडते. गाव तिला पांढऱ्या पायाची म्हणतं. आणि शेवटी, गोरज मुहूर्तावर, तिला दुसऱ्यांदा हळद लागते.

दुसऱ्यांदा.

त्या एका प्रसंगासाठी सुलू पुन्हा पुन्हा जायची. आणि त्याच प्रसंगात तिला एक गोष्ट दिसली होती, जी दुसऱ्या कुणाला दिसली नव्हती.

सिनेमाभर नायिकेचे हात कोरे होते. पण लग्नात, तोंडावर पदर घेऊन ती पाटावर बसते तेव्हा... तिच्या मनगटावर गोंदण होतं. छोटंसं तुळशीवृंदावन.

"तो हात तिचा नाही, दादा. तो कुणाचा आहे, ते मला बघायचंय."

उजाडताच दोघं निघाली. आधी दातिवरे. वरातीची होडी जिथून सुटते तो किनारा. जाळी सुकत पडली होती. एक कोळीण बोंबील उलटत होती. सुलूनं विचारताच ती खदखदून हसली.

"तुमची ती हिरवीण? हिथं चिखलात धपकन बसली व्हती! दोघांनी वडून काडली. त्ये नाय दावलं काय शिनेमात?"

"नाही हो!" सुलूही हसली.

तात्या म्हणायचे, "तेवढंच. त्या दिवशीचं तेवढंच तिचं हसणं."

मग वर वाणगाव. नायिका गाडीतून उतरते ते स्टेशन. सुलू फलाटावर उभी राहिली, नायिकेसारखं मागे वळून पाहिलं, आणि एका हमालानं तिला विचारलं, "बाई, सामान कुठाय?" तिथं भाकरी खाल्ली. जीपचा पट्टा तुटला, तो बदलण्यात दुपार गेली.

पामला पोचायला सांज झाली.

सिनेमातल्या लग्नाचा मांडव एका कौलारू घराच्या अंगणात घातला होता, हे सुलूला पडद्यावर पाहिलेल्या दोन ताडांवरून कळलं. ताड तसेच होते. घर बंद. कुंपण मोडलेलं. मांडवाच्या मेढी अजून उभ्या, वर आभाळ.

आणि मधोमध एक पाट.

एवढ्या पावसाळ्यांत कुणी उचलला नव्हता. वाळवीसुद्धा लागली नव्हती.

"आत जाव नको गो!"

शेजारच्या ओटीवर एक म्हातारी बसली होती. साखरबाई तिचं नाव. ती धवलेरी होती. इकडच्या लग्नांत धवला गाते ती धवलेरी. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. धवल्यात ती आधी देवांना बोलावते, समुद्राला बोलावते, घरातल्या मेलेल्या माणसांनाही बोलावते. लग्न लागलं की गाण्यातूनच सगळ्यांना माघारी पाठवते.

सुलूनं तिला गोंदणाचं विचारलं.

म्हातारीनं अंगणातल्या पाटाकडे पाहिलं.

"बायडीचा हात त्यो. माझ्या भावाची लेक. हिरवीण त्या दिशी मुंबयला गेली व्हती. मंग त्यांनी बायडीला बसवली पाटावर. तोंड झाकून. आनी मला म्हनाले, आजी, खरा धवला गा. मी म्हनलं, गाते."

"मग?"

"मंग काय! समद्यांना बोलावलं मी. देव आले, समिंदर आला, आमची मेलेली मान्सं आली. बायडीचा हात हातात देनार, तवर त्यो टोपीवाला वरडला, कट! उजेड ग्येला म्हने. उद्या येतो म्हने." साखरबाई ओटीखाली थुंकली. "नाय आले. बाकीचं म्हने मुंबयला केलं. आमच्यात धवला मदीच तोडत नाय, बाय. आभाळ कोसळलं तरी पुरा करायचा."

"मग तुम्ही का नाही केला पुरा?"

"गला लागत नाय. धवल्याच्या त्या तुटल्या वलीवर आले का गला आवलतो. तवापासून एक लगीन नाय लावलं मी."

"आणि बायडी?"

"ना लगीन झाल्याली, ना कुवारी. कोन करील तिला? रोज सांजची त्या पाटावर जाऊन बसायची. मला इचारायची, आत्ये, उठू का गो? मी म्हनायची, थांब बाय, धवला पुरा होव दे." म्हातारीनं पदर तोंडाशी नेला. "तापानं ग्येली. तरी अजून..."



पश्चिमेला आभाळ हळदीसारखं पिवळं झालं होतं. वाटेवरून गुरं परतत होती. धूळ उडत होती.

गोरज मुहूर्त.

"सुल्ये, चल," तात्या म्हणाले. "बघून झालं."

"नाही झालं," सुलू म्हणाली.

आणि कुंपण ओलांडून आत गेली.

पहिलं काय झालं तर... आवाज गेले. गुरांच्या घंटा गेल्या. रातकिड्यांची किरकिर गेली. वर ताडाची झावळी हलत होती, पण तिचा आवाज येत नव्हता.

मग वास आला.

ओल्या हळदीचा.

सुलू पाटाजवळ वाकली. बोट लावलं. पाट ओला होता.

आणि कुठून तरी, जमिनीतून आल्यासारखा, धवला सुरू झाला... तिनं वळून पाहिलं. साखरबाई ओटीवर पदर तोंडात कोंबून बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते.

*ये रे सागरा, लेकीच्या मांडवाला,*
*ये गं गावदेवी, अक्षता टाकायाला.*
*या गं गेल्या बायांनो, या गं साऱ्या जणी,*
*पाटावर बसली लेक, डोळा आलं पाणी.*

अंगणात पावलं वाजू लागली. खूप पावलं. दिसत कुणी नव्हतं. लुगड्यांची सळसळ, बांगड्या, खोकला, लग्नात असते तशी कुजबूज.

*हळदीचा हात लेकीचा, देते मी...*

तुटलं.

एकदम. कापल्यासारखं.

त्या शांततेत एक म्हातारा आवाज सुलूच्या कानाशी म्हणाला, "नवरी बसली का?"

दुसरा म्हणाला, "ही कोण आली?"

"ही होय... अर्ध्या हळदीची."

"मग चालेल. बसवा हिलाच."

सुलूचा पदर खाली ओढला गेला. खांद्यावर हात पडले. गार, ओले, अनेक. गुडघे वाकले. पाट जवळ आला...

आत्या मला सांगायची, "पोरी, भीती वाटली गं. वाटणारच. पण तो शब्द ऐकला ना, अर्ध्या हळदीची, आणि डोकंच फिरलं. जित्या माणसांकडून ऐकत होते तेवढं पुरे नव्हतं? आता मेलेल्यांचंही ऐकून घ्यायचं?"

तिनं पाय रोवले. पदराला हिसका दिला.

"नाही बसणार!"

कुजबूज थांबली.

"मी नाही बसणार. आणि हिलाही बसवून ठेवायचं नाही. बोलावलं म्हणून आलात, जेवणाच्या आशेनं थांबलात, आणि पोरगी इथं झुरून मेली तरी एकानं म्हटलं नाही तिला, की ऊठ बाई? जा! निघा आपापल्या घरी!"

एकही पाऊल वाजलं नाही.

आणि मग, तिच्या पायाशी, पाटावरून... अगदी बारीक आवाज आला.

"उठू का गो?"

सुलूनं खाली पाहिलं. पाट रिकामाच होता. फक्त पाटाच्या कडेवर हळदीनं माखलेला एक हात टेकलेला. मनगटावर तुळशीवृंदावन.

सुलूला धवला येत नव्हता. सिनेमातलं पाठवणीचं गाणं तेवढं पाठ होतं, पण त्यात नवरीला सासरी धाडतात. ते तिला नको होतं. मग तिनं चाल तीच धरली, आणि शब्द आले ते आले.

*जा रे सागरा, तुझी भरती वाट पाहे,*
*जा गं गावदेवी, तुझा दिवा विझू पाहे.*
*गेल्या बायांनो, परतीच्या वाटा धरा,*
*लेकीच्या डोळ्यांचा आता थांबू द्या गं झरा.*
*हळदीचा हात लेकीचा, लेकीच्याच हाती,*
*झटक गं बाई पदराची मांडवाची माती.*

"ऊठ," सुलू म्हणाली. "ऊठ, बायडी. जा तुला वाटेल तिकडं."

तो हात पाटावरून सुटला.

आणि सुलूच्या हातात आला.

कुंपणाबाहेर तात्या जीपला टेकून उभे होते. त्यांना ना धवला ऐकू आला, ना कुजबूज. एकट्या बहिणीचा आवाज तेवढा. ती मोकळ्या अंगणात कुणाशी तरी भांडत होती आणि मग गात होती. पण गाणं संपलं तेव्हा त्यांनी धुळीत पाहिलं.

पावलं. शेकडो.

सगळी अंगणाबाहेर जाणारी.

आत येणारं पाऊल एकच. सुलूचं.

तिकडे साखरबाई ओटीवर उभी राहिली होती. तिनं घसा खाकरला. आणि मोकळ्या, खणखणीत आवाजात धवल्याची ती अडलेली ओळ गायली. पूर्ण. मग मटकन खाली बसून रडू लागली.

सुलू जीपमध्ये बसली. तात्यांनी चावी फिरवली.

तेवढ्यात... जीपच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे दबले. गाडी किंचित मागे झुकली. कुणी मागे चढावं तशी.

"मागं बघू नकोस, दादा," सुलू म्हणाली.

"सुल्ये... कोण आहे?"

"तिला वाटेल तिकडं जा म्हटलं मी. आता आपल्याकडे यावंसं वाटलं तर नाही कसं म्हणू?"

तात्यांनी पालघर येईपर्यंत आरशातसुद्धा पाहिलं नाही.

घरी येऊन सुलूनं हात धुतले. राखेनं घासले. चिंचेनं घासले.

हळद गेली नाही. दोन्ही तळवे पिवळेधमक. कधीच गेली नाही.

त्याच आठवड्याच्या शेवटी विजयाची हळद होती. बायका जमल्या. सुलू मागच्या खोलीतून उठली आणि सरळ पाटासमोर येऊन उभी राहिली.

"अगं, तू कशाला..." एक काकू म्हणाली.

सुलूनं दोन्ही तळवे पुढं धरले. "मला हळदीपासून लांब ठेवायचंय ना? ठेवा. आधी ही काढून दाखवा."

कुणी पुढं झालं नाही. विजया पाटावरून म्हणाली, "अक्का, पहिली तू लाव." माईनं डोळ्यांना पदर लावला, पण अडवलं नाही.

विजया सुखानं नांदली. त्यानंतर आमच्या घरात एकही हळद आत्यावाचून झाली नाही. आत्यानं स्वतः लग्न केलं नाही. "मला आता सोबत आहे," म्हणायची. 'लाटेवरची वरात' पुन्हा तंबूत आला, तेव्हा ती एकदाच पाहून आली. म्हणाली, "पाट रिकामा आहे गं आता." बरोबर गेलेल्या तात्यांना मात्र नवरी दिसली होती. तिच्या मनगटाकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

माझ्या हळदीला आत्या समोर बसली. मी डोळे मिटले होते. उजव्या गालावर तिचा हात फिरला, ऊबदार, खरखरीत. मग डाव्या गालावर.

डावा हात गार होता.

मी डोळे उघडले. आत्याचा डावा हात तिच्या मांडीवर होता.

गालावरून मागे जाणारं मनगट मी क्षणभरच पाहिलं. त्यावर गोंदण होतं. आत्यानं आयुष्यात कधी गोंदवलं नव्हतं.

ती माझ्याकडे बघून हसली. "गप बस. काही होत नाही."

काही झालंही नाही.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढच्या महिन्यात माझ्या लेकीचं लग्न आहे. परवा माळ्यावरून पाट काढला, घासला, ओटीवर वाळत ठेवला. काल सांजेला आणायला गेले, तर पाटाच्या कडेवर पाच बोटं उमटली होती.

ओल्या हळदीची.

घरात अजून हळद दळलेली नाही.

मी बराच वेळ तिथंच उभी होते. अंगावर काटा होता, अजूनही आहे.

पण मी ती बोटं पुसली नाहीत.