तिसरा कौल

सोनखारच्या प्रजासत्ताकात मत कुणी देत नसे. मत तोललं जाई.

हौसाक्का तिसऱ्यांदा तोलून घ्यायला आली होती. सोबत सून, विमल. हौसाक्काचा मुलगा दिगंबर मिठागराच्या मजुरांचा मोर्चा घेऊन गेला आणि आठव्या दिवशी बांधाच्या मोरीत त्याचं प्रेत सापडलं. सरकार म्हणालं, पाय घसरला. पाय घसरल्यावर पाठीला गोळीचं भोक कसं पडतं, ते सरकारने सांगितलं नाही.

चौकशी हवी तर मयताच्या पहिल्या वारसाचा कौल लागे. लग्न झालेलं असो वा नसो, कायद्याने पहिला वारस आई. कौल तीनदाच घेता येई. दोनदा हौसाक्काने ओढकाट्यावर हात ठेवला होता आणि दोन्ही वेळा काट्याने सांगितलं होतं, या बाईला चौकशी नको आहे.

"दोन्ही खेपा तुमचं यंत्र झोपलं होतं," ती खुर्चीत बसत म्हणाली. "आज त्याला चहा पाजून ठेवलाय ना?"

समोर डॉ. शर्मिष्ठा टिपणीस बसल्या होत्या. ओढकाटा त्यांनीच बांधलेला.

"काटा चुकत नाही, आक्का."

"मग मी चुकते? माझ्या पोटचा पोर मारला आणि मला चौकशी नको? मीठ तोलणाऱ्या बाईला कळेल असं सांग."

"तापला तवा लागला तर आधी हात मागे येतो. भाजलं, हे मागून कळतं. मनाचंही तसंच. प्रश्न कानावर पडताच मन एका बाजूला झुकतं. विचार, शब्द, राग हे सगळं नंतर. ते पहिलं झुकणं म्हणजे ओढ. ती नाडीत आणि तळहाताच्या घामात उतरते. काटा तेवढंच तोलतो."

"आणि माझ्या रडण्याचं वजन?"

"ते नंतरचं असतं, आक्का." डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "पूर्वी लोक साडीसाठी मत देत, भीतीने देत. मला वाटलं, भीती आणि लालूच पोचायच्या आत माणूस जिथे खरा असतो, तिथलं मत घ्यावं. सत्तेतला उंबर पक्ष पहिल्याच वर्षी पडेल असं वाटलं होतं मला."

"एकोणीस वर्षं झाली काटा येऊन."

"हो."

पक्ष पडला नाही, कारण तो त्या जागेवर आधीच जाऊन बसला होता. सोनखारमध्ये मूल जन्मलं की आत्याच्याही आधी पक्षाची बाई येई. बाळाच्या डोक्यावर आडवा तळवा धरी आणि म्हणे, "सावली असो." मग जन्मभर भेटेल त्याच्यापुढे तसाच तळवा धरायचा. बारशाचे तांदूळ पक्षाचे, लग्नाची पहिली अक्षता पक्षाची, मयतावरची हिरवी शाल पक्षाची. मिठागर आळीत चाळीस वर्षं ती पक्षाची बाई हौसाक्काच होती. आळीतल्या पाचशे पोरांच्या डोक्यावर तिने तळवा धरला होता. स्वतःच्या पोराच्याही. दिगंबर 'आई' म्हणायला शिकायच्या आधी इवलासा तळवा आडवा करायला शिकला होता आणि तिने ते कौतुकाने आळीभर दाखवलं होतं.

"आक्का, एक विचारू? दिगंबरला घरी आणलं तेव्हा अंगावर काय घातलंत?"

हौसाक्काने पदर सारखा केला.

"त्याने पक्ष सोडला होता," विमल दारापाशी उभ्या उभ्या म्हणाली. "मी म्हटलं होतं, आई, शाल नको. त्यांनी ऐकलं नाही. प्रेत ओट्यावर टेकायच्या आत शाल आणायला माणूस पाठवला होता."

"उघडा कसा जाऊ देऊ?" हौसाक्का तिच्यावर कडाडली. "बिनशालीचं मढं बेवारशी म्हणतात आमच्यात. तू बेटावरची, तुला काय ठाऊक. तुमचं बेट काल आलं प्रजासत्ताकात."

बोलता बोलता ती थांबली. मिठाच्या पाण्याने भेगाळलेला आपला उजवा तळवा तिने मांडीवर उलटा केला, सुलटा केला.

"म्हणजे मी रडायच्या आधी माणूस पाठवला," ती हळूच म्हणाली.

तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"तिसऱ्यांदाही तेच येणार?"

"बहुतेक. आणि मग प्रकरण कायमचं बंद."

"दुसरी वाट?"

"एक कलम आहे. आजवर कुणी वापरलेलं नाही. आईने लिहून दिलं की मी मयताची आई नाही, तर वारसपण बायकोकडे जातं. उरलेला कौल तिचा. पण ते मागे घेता येत नाही. नोंदीतून तुमचं नाव जाईल. चौकशीला बसता येणार नाही. वर्षश्राद्धाचा परवानाही विमलच्याच नावाने निघेल."

"तीन दिवस अडला होता हा," हौसाक्का म्हणाली. "पायाळू. सुईण म्हणाली, दोघांतलं एक वाचेल. मी म्हटलं, त्याला काढ." मग हात पुढे केला. "आण कागद."

"आई, नको," विमल म्हणाली.

"तू गप. अक्षर लावू दे."

तिची दुसरीपर्यंतच शाळा झाली होती. अंगठा द्यायला तिने नकार दिला. एकेक अक्षर कोरत तिने सही केली आणि कागद सरकवताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

विमलने काट्यावर हात ठेवला. प्रश्न वाचला गेला. काटा क्षणभरही डळमळला नाही. चौकशी होणार होती.

डॉक्टरीणबाईंनी नोंद वाचून दाखवली, तसा नियमच होता. "मयत दिगंबर. वारस, पत्नी विमल. आई, नाही."

"नीट लिहिलंस," हौसाक्का म्हणाली आणि उठली.

बाहेर फाटकावर पक्षाची एक पोरगी उभी होती, आळीतलीच. तिने नेहमीसारखा तळवा आडवा धरला. "सावली असो, आक्का."

हौसाक्काने तोंड फिरवलं. ओठ घट्ट मिटून घेतले. मग तिला दिसलं, आपला उजवा हात वर गेलेला आहे. तळवा आडवा, बोटं जुळलेली. कधी गेला ते तिला कळलंच नव्हतं.

विमलने तो हात धरून खाली घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.