हात टेकायचा नाही

अठ्ठ्याहत्तर साल असेल. समुद्रपूरच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना माझी चप्पल पायरीत अडकली आणि मी दोन्ही हात टेकून आपटले. लोक फिदीफिदी हसले. एक रुंद खांद्यांचा तरुण धावत आला, पण उचलायला नव्हे... चूक काढायला!

"हात काऊन टेकवता हो? मनगट जाईन ना!"

"मग कसं पडू? तुमाले इचारून?"

"इचारा ना. शिकवतो मी."

हसला तेव्हा गालाला खळी पडली. मेली ती खळी!

तो आखाड्यातला गुलाब पहिलवान. मी त्याला घरी बोलावलं ते खळीपायी नव्हे — बरं, थोडं खळीपायीही — पण खरं बाबांसाठी. दोन वर्षांपूर्वी आई अंगणात पडली, खुबा मोडला आणि ती खाटेवरून उठलीच नाही. आता बाबांचेही पाय लटपटू लागले होते. माझा जीव सतत टांगणीला असायचा.

"पडाले बी मास्तर लागते का?" बाबा मिशीत हसले.

"कुस्तीत पह्यले पडनंच शिकवते, काकाजी."

वेचणी झाली होती. माजघरात कापूस रचला होता, त्यावरच शिकवणी सुरू झाली. हनुवटी छातीला, पाठ गोल, अंग सैल... हात न टेकता कुशीवर लोळायचं. बाबा पडायचे, शिव्या द्यायचे, पुन्हा पडायचे. पदर खोचून मीही शिकले. माझ्या केसांत कापूस अडकला की गुलाब नुसता बघत राहायचा.

"काय पाहून राह्यले?"

"हनुवटी... छातीले लागली का नाई ते."

"खोटं!"

"हो," तो म्हणाला. मी लाजून चूर झाले.

गुलाबला सोबत घेऊन कापूस विकायला बाजारात गेलो त्या दिवशी बाबा गाडीवरून उतरत असतानाच बैल बुजले. बाबांचा तोल गेला. माझ्या डोळ्यांपुढे आई आली... पण बाबांनी हनुवटी दाबली, कुशीवर लोळले आणि धूळ झटकत उभे राहिले!

"कोनापाशी शिकले हो, नत्थूजी?" गर्दीतून आमच्या शेजारच्या महादेवरावांनी विचारलं.

बाबांनी मिशीला पीळ दिला. "जावयापाशी! आमच्या तानीच्या होनाऱ्या नवऱ्यापाशी!"

आम्हा दोघांना हे तेव्हाच कळलं. गुलाब दचकून मागे सरला, कापसाच्या बोज्याला अडखळला आणि पडला — दोन्ही हात टेकून!

मी ताठ मानेनं पुढे झाले आणि त्याला हात दिला.

"हात काऊन टेकवला हो, पहिलवान? मनगट जाईन ना!"

"जाऊ द्या," तो म्हणाला. उभा राहिला तरी माझा हात काही सोडला नाही. अख्खा बाजार बघत होता. म्हटलं, बघू दे!