ताईची भूक

"जेवायच्या अर्धा तास आधी दोन गोळ्या घ्यायच्या, ताई… मग भूक लागतच नाही म्हणतात! एकदा घेऊन तर पहा…"

मोनालीनं तो रंगीत डबा शिलाई मशीनवर ठेवला आणि ओढणीनं डोळे पुसले. प्रेमिला ब्लाऊजला अस्तर लावत होती. तिनं पाय थांबवला आणि त्या डब्याकडे पाहिलं. भावजय बारा वर्षांत या घरी कधी फिरकली नव्हती, आणि आता दोन महिन्यांपासून रोज येत होती! मात्र त्याचा राग धरायला प्रेमिलाच्या मनात जागाच उरली नव्हती. संघपालच्या, तिच्या धाकट्या भावाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्याचं डायलिसिस सुरू होतं, आणि साऱ्या तपासण्यांत एकट्या ताईचीच किडनी त्याला जुळली होती.

जुळली खरी, पण डॉक्टर लतिकाबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "तुमचं वजन उतरल्याशिवाय मी ऑपरेशनला हो म्हणणार नाही. त्यात तुमच्याच जिवाला धोका आहे. पाच-सहा महिने घ्या आणि सावकाश उतरवा."

सावकाश! डायलिसिसवरून काळवंडून परतणारा नवरा जिला दिसतो, तिला सावकाश कसं परवडावं?

"कुठून आणल्या वं या?" प्रेमिलानं विचारलं.

"पार्लरमध्ये एक बाई विकते. जडीबुटीच्याच आहेत म्हणे. डॉक्टरीनबाईले नका सांगू… ताई, मले तुमच्याशिवाय कोणीच नाही!"

प्रेमिलानं डबा उचलला. "दे इकडे. संघूले बोलू नको."

मोनाली गेली, आणि प्रेमिलाच्या मनात नको तेच वर आलं. बारा वर्षांपूर्वीची ती दुपार! घरात पाहुणे बसलेले, मोनालीच्या घरची माणसं मुलगा बघायला आलेली, आणि ताटं वाढून बाहेर निघालेल्या प्रेमिलाला संघपालनं स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं होतं. "ताई, तू आतच राह्य. लोक काय म्हणतील… एवढी मोठी बहीण!" मोठी म्हणजे वयानं नव्हे, हे तिला लगेच कळलं होतं. पुढे लग्नात फोटो निघाला तेव्हाही, "ताई, जराशी मागं हो"… ती मागं झाली, आणि मग मागंच राहिली. संघपालनं दोन गल्ल्या पलीकडे घर केलं. प्रताप नगरच्या भाजीबाजारात कधी समोरासमोर आले तर तो मान फिरवून जायचा. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं त्यानं मान फिरवावी… काय म्हणावं या पोराला!

आई गेली तेव्हा प्रेमिला पंधरा वर्षांची आणि संघू चार वर्षांचा होता. "संघूले उपाशी नको ठेवजो, माय," एवढंच आई बोलली होती. प्रेमिलानं तो शब्द असा धरला की स्वतःच्या लग्नाची गोष्ट निघाली की हसून उडवून लावली. शाळेतून येणाऱ्या संघूला दारातच विचारायची, "जेवला का गा, संघू?" आधी त्याला वाढायचं, मग बाबांना, आणि सर्वांचं झालं की ताटांत, पातेल्यात, तव्यावर जे उरेल ते उभ्या उभ्या आपण संपवायचं, असा तिचा नेम. अन्न टाकायचं नाही! त्या घरात तिचं असं वेगळं ताट कधी मांडलंच गेलं नाही.

प्रेमिलानं पाण्याचा पेला भरला. "किडनी तर मी देणारच," ती भिंतीवरच्या आईच्या फोटोला मोठ्यानं म्हणाली आणि दोन गोळ्या गिळल्या.

भूक मेली, हे खरंच. तोंडाला कोरड पडली, अन्नाचा वासही नकोसा झाला. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली आला, तेव्हा मोनालीनं आनंदानं तिला मिठीच मारली. पण रात्रीची झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली, बोटं अशी थरथरायला लागली की सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. तरी प्रेमिला हटली नाही.

आणि पुढे काटा जो अडला, तो हलेचना!

त्याचं कारण रोज संध्याकाळी तिच्या दारात येत होतं. संघपालला पथ्याचं, मिठावाचून जेवण लागायचं. ते प्रेमिलाच रांधायची आणि मोनालीच्या हाती डबा धाडायची. आजारानं त्याच्या तोंडची चव गेलेली, त्यामुळे डबा अर्धा तसाच परत यायचा. तो उघडला की प्रेमिलाचं काळीज पिळवटून निघे… लेकरानं आजही खाल्लं नाही! मग त्याचा उष्टा भात, त्यानं मोडून ठेवलेली पोळी ती ओट्याशी उभी राहून संपवायची. तोंडाला कोरड असो, पोटात ढवळो, हात डब्यात जायचाच. मोनालीनं हे एकदा दारातून पाहिलं होतं आणि ती तशीच परत फिरली होती.

प्रेमिलानं दोनच्या चार गोळ्या केल्या.

महिना संपला आणि तपासणीचा दिवस आला. डॉक्टर लतिकाबाईंनी रक्तदाब एकदा घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि रिपोर्ट बाजूला सारले. समोरच्या खुर्चीत डायलिसिस आटोपून आलेला संघपाल बसला होता, मान खाली घालून; त्याच्या मागं मोनाली उभी होती.

"प्रेमिलाबाई, मागच्या महिन्यात तुमची प्रकृती ठणठणीत होती. आज रक्तदाब चढलाय, लघवीचा रिपोर्ट बिघडलाय. काय घेताय तुम्ही?"

मोनालीचा चेहरा पांढराफटक पडला. प्रेमिलानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. "भूक मारायच्या गोळ्या, मॅडम. मीच आणल्या."

डॉक्टरीनबाईंनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि हात टेकले. "यात काय घातलंय ते इथं धड लिहिलेलंसुद्धा नाही! अशा गोळ्यांत कधी कधी बंदी असलेलं औषध मिसळलेलं निघतं. सुरुवातीला उतरतं ते बरंचसं अंगातलं पाणी. गोळी बंद केली की वजन परत. वजनाची खरी औषधं आहेत, नाही असं नाही, पण ती तपासून, आमच्या नजरेखाली द्यायची असतात, आणि तरी खाणं-चालणं सुटत नाही. तुम्ही तर द्यायची तीच किडनी पणाला लावलीत! आता हे थांबवायचं. पुन्हा तपासण्या होतील, त्या नीट आल्या तरच पुढचं बोलू."

"तरच" हा शब्द ऐकला आणि संघपाल उसळलाच.

"एवढा धीर नव्हता तुले, ताई? काहून? जराशी जीभ आवरली असती तर गोळ्या खायची वेळच आली नसती! खाणं सुटत नाही तुझं, अन् जीव माझा चालला!"

प्रेमिलाच्या ओठांशी मोनालीचं नाव आलं… आणि तिनं ते गिळलं, जसं आयुष्यभर सारं गिळलं होतं तसंच. पोराला आधीच धाप लागली होती, त्यात आणखी बायकोशी भांडण कशाला!

"बस्स!" मोनाली ओरडली. "बस्स करा हो! गोळ्या मी आणून दिल्या. मी! रडून रडून खायला लावल्या. अन् खाणं म्हणता? काय खातात त्या, माहीत आहे तुमाले? तुम्ही टाकलेलं खातात! डबा अर्धा परत जाते ना, तुमचं उष्टं… ओट्यापाशी उभ्या राहून… डोळ्यांतून पाणी गळून राहिलं होतं त्यांच्या, तरी खाऊन राहिल्या होत्या! मी पाह्यलं माझ्या डोळ्यांनी."

संघपालनं बहिणीकडे पाहिलं. "ताई… काहून वं?"

"तुझं उरलेलं टाकवत नाही मले," प्रेमिला हळूच म्हणाली. मग पदर सावरून डॉक्टरीनबाईंकडे वळली. "मॅडम, खरं सांगू? भूक मारायची गोळी माझ्या कामाचीच नव्हती. मी भुकेपायी कधी जेवलीच नाही. सर्वांचं झालं की उरलं ते संपवलं. भूक कशी लागते तेच मले ठाऊक नाही!"

संघपाल उठला. दोन पावलांतच त्याचा तोल गेला, आणि तो बहिणीच्या पायाशीच खाली बसला. "मी तुले आत ठेवलं, ताई… तुझी लाज वाटली मले! माझंच उरलेलं खाऊन तू अशी झाली अन् मलेच लाज वाटली… मले नको तुझी किडनी. मी नाही त्या लायकीचा!"

"चूप!" प्रेमिलाचा असा आवाज त्यानं उभ्या जन्मात ऐकला नव्हता. "लायकी काढणारा तू कोण? मायले शब्द दिला मी. किडनी मी देणारच! पण आता मॅडम सांगतील तशी, चोरून नाही."

आणि तिनं ते केलं! गोळ्या दवाखान्यातच टाकल्या. आहार सांगणाऱ्या बाईंनी ताट कसं वाढायचं ते समजावलं, तेव्हा संघपाल शेजारी बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवसापासून प्रेमिलाचं जेवण त्याच्या घरी सुरू झालं. तिचं ताट आधी वाढायचं, हा हुकूम त्याचा. ती संकोचानं चार घास खाऊन उठायला लागली की तो म्हणे, "बस, ताई. उठायचं नाही." स्वतःला जेवढं जाईल तेवढंच तो वाढून घेई आणि ताट पुसून दाखवी. पहाटे मोनाली तिला चालायला नेई. गुडघे कुरकुरले, पावसाळा आला, काटा कधी रुसला, एकदा तर पुन्हा वर चढला… त्या दिवशी ती खूप रडली, आणि दुसऱ्या सकाळी चपला घालून फाटकाशी उभी राहिली. रक्तदाब उतरला. रिपोर्ट निवळले. गोळ्यांनी महिन्यात व्हायचं ते असं व्हायला आठ महिने लागले, पण या खेपेला उतरलेलं वजन परत आलं नाही. दिवाळीनंतर एका सकाळी डॉक्टर लतिकाबाईंनी फाईलवर सही केली.

ऑपरेशन झालं. बहीण एका खोलीत, भाऊ दुसऱ्या खोलीत, काचेपलीकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी मोनाली धावतच प्रेमिलाच्या पलंगापाशी आली. हसावं की रडावं, तिला कळत नव्हतं. "ताई, लागली किडनी! काम करून राहिली! हे घ्या, बोला…" तिनं फोन प्रेमिलाच्या कानाला लावला.

पलीकडून तो खोल गेलेला, ओळखीचा आवाज…

"ताई… जेवली का वं तू?"

आई गेल्यापासून हा प्रश्न प्रेमिलानं हजारदा विचारला होता, तिला मात्र आजवर कोणीच विचारला नव्हता. "माझं काय, तू जेव आधी," असं सवयीनं ओठांवर आलंसुद्धा… पण पोटात खरंच काहीतरी कुरकुरत होतं, स्वच्छ, हक्काचं! टाक्यांतून कळ उठली तरी ती हसली.

"नाही जेवली रे, संघू," ती म्हणाली. "लय भूक लागून राहिली मले!"